वडिलांच्या सव्वीस वह्या, चार जीबी पीडीएफ आणि एक प्रश्न

तिफण

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज गरजवंत म्हणून लिहितोय.

वडील आयुष्यभर शेतकऱ्यांना सल्ला देण्याच्या नोकरीत होते. दीड वर्षापूर्वी गेले. मागे सव्वीस वह्या आहेत, १९८३ ते २०११. रोज संध्याकाळी लिहायचे. वरच्या ओळीत तारीख, पीक, लावणीला किती दिवस झाले. खाली काय दिसलं, काय सांगितलं. आणि पुष्कळ ठिकाणी आठवड्याभराने वेगळ्या शाईत, पुढे काय झालं ते. याशिवाय माहितीपत्रकांनी भरलेलं एक कपाट आणि मी इकडून तिकडून उतरवून घेतलेल्या चार जीबी पीडीएफ.

मी पोटापाण्यासाठी प्रोग्रामर. शेती करतात ती माझी चुलतभावंडं. परवा ताईचा फोन आला, "टोमॅटोच्या पानांना कडेने काळपट डाग आलेत, खालून पांढुरकं दिसतंय. काकांच्या वहीत बघ ना." मी वह्या काढल्या, अक्षर लावत बसलो. चाळीस मिनिटांनी फोन केला तर म्हणाली, "मारलं रे, शेजारच्यांनी सांगितलं ते."

तर प्रश्न असा. हे सगळं डिजिटल करायचंय, पण नुसता साठा नको, निर्णयाच्या वेळी हाताशी येईल असं हवंय. तीन रस्ते दिसतात :
– सगळं स्कॅन करून शोधता येईल असं करायचं,
– पीकवार पानं लिहून संकेतस्थळ करायचं,
– किंवा सगळं एआयला खाऊ घालून बोलका चॅटबॉट करायचा.

कुणी यातलं काही केलंय का? जाता जाता : वह्यांमध्ये समासात जागोजागी "ना. फ." असं लिहिलंय. आईलाही माहीत नाही. कुणाला अर्थ लागतो का?

पेंद्या

जागा पकडून ठेवतोय. सावकाश लिहितो.

अर्धवटराव

ना. फ. म्हणजे नाना फडणवीस. साडेतीन शहाण्यांतला अर्धा. तुमचे वडील कठीण केस आली की त्यांचा सल्ला घेत असणार. :)

आडवा_पाऊस

मी शेती करतो, म्हणून खडूस वाटलं तरी लिहितो. माहितीचा तुटवडा नाहीये हो. माझ्या फोनात अकरा ग्रुप आहेत आणि प्रत्येक ग्रुपात रोज चार पीडीएफ पडतात. "टोमॅटोवरील एकात्मिक कीड व्यवस्थापन", पानं छत्तीस. रोगाचं शास्त्रीय नाव, इतिहास, जगातला प्रसार, आणि पस्तिसाव्या पानावर औषधांचा तक्ता. मी बांधावर उभा आहे, दुपारचे तीन वाजलेत, पंप भरलेला आहे, पश्चिमेला ढग जमलेत. माझा प्रश्न एवढाच : आत्ता मारू की उद्या सकाळी? छत्तीस पानांत याचं उत्तर नसतं.

तुमच्या वडिलांकडे लोक माहितीसाठी जात नव्हते. "साहेब, आता काय करू" विचारायला जात होते. ते जमत असेल तर करा, नाहीतर अजून एक पीडीएफ होईल.

तिफण

@आडवा_पाऊस, टोचलं, पण बरोबर आहे. माझ्या तिन्ही पर्यायांत "आत्ता की उद्या" कुठेच नाही.

जुनाखोड

तिफणराव, वह्यांचं नंतर बघू. आधी ताईंना फोन करा. कडेने पाणी शोषल्यासारखे काळपट डाग आणि पानाच्या खालून पांढुरकी बुरशी, हवा दमट असेल तर हा उशिरा येणारा करपा असण्याची शक्यता बरीच आहे. तो आठवडाभर वाट बघत नाही. शेजाऱ्याने काय दिलं ते विचारा. आणि जवळ कोणी जाणता असेल तर पान प्रत्यक्ष दाखवा, माझ्या लिहिण्यावर जाऊ नका. खालून पांढुरकं, हे त्यांनी सांगितलं म्हणजे त्यांची नजर चांगली आहे. बहुतेक लोक पान उलटं करूनच बघत नाहीत.

कोषकार

जुनाखोडकाकांनी "उशिरा येणारा करपा" म्हटलं आणि माझा विषय निघाला, तेव्हा जरा लांबण लावतो. माझं काम परिभाषेचं, शेतीचं नाही.

"करपा" हा शब्द घ्या. पान करपल्यासारखं दिसलं की मराठीत तो करपा. भातावरचा करपा एका बुरशीचा, कांद्यावरचा जांभळा करपा दुसरीचा, द्राक्षावरचा तिसरीचा, भातावरचा जिवाणूजन्य करपा तर बुरशीचाही नाही. एकट्या टोमॅटोवर दोन आहेत : लवकर येणारा, तो अल्टरनेरियाचा, आणि उशिरा येणारा, तो फायटोप्थोराचा. गंमत म्हणजे हा फायटोप्थोरा खऱ्या अर्थाने बुरशीच नव्हे, वेगळ्याच कुळातला जीव आहे. त्यामुळे मेटॅलॅक्सिलसारखं औषध त्याच्यावर चालतं आणि अल्टरनेरियावर चालत नाही. आता तुमच्या शोधपेटीत कुणी "टोमॅटो करपा" टाकलं तर समोर काय यावं?

म्हणून नुसतं स्कॅन करून शब्द शोधणं धोक्याचं. आधी संकल्पना वेगळ्या करा, प्रत्येकीला एक क्रमांक द्या, आणि मग त्या क्रमांकाला लोक वापरतात ती सगळी नावं लटकवा. जगात हे झालेलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा, म्हणजे एफएओचा, अ‍ॅग्रोव्होक नावाचा शब्दसंग्रह १९८०च्या दशकापासून आहे. ४० हजारांहून जास्त संकल्पना, चाळीसहून अधिक भाषा. त्यात शब्द हा राजा नाही, संकल्पना राजा आहे.

दुसरं उदाहरण ईपीपीओ संकेतांचं, म्हणजे युरोप व भूमध्य परिसरातल्या पीकसंरक्षण संघटनेच्या संकेतांचं. वनस्पतीला पाच अक्षरं, किडी-रोगांना सहा. टोमॅटोचा संकेत आजही एल-वाय-पी-ई-एस, कारण संकेत ठरला तेव्हा त्याचं शास्त्रीय नाव लायकोपर्सिकॉन होतं. पुढे शास्त्रज्ञांनी त्याला सोलॅनममध्ये नेलं. नाव बदललं, संकेत हलला नाही. चांगल्या क्रमांकाचं लक्षणच ते : त्याला अर्थ नसावा, नुसतं टिकाव धरता यावं.

तुमच्या वह्यांत "लष्करी अळी" कुठे आहे का बघा बरं. तिथे मोठा खड्डा आहे.

तिफण

@जुनाखोड काका, फोन केला. बाटलीचा फोटो मागवलाय.

@कोषकार, आहे! १९९१ची वही. "मका, लष्करी अळी, रात्री खाते, दिवसा पोंग्यात व ढेकळांखाली."

कोषकार

झालं तर. ती १९९१ची लष्करी अळी म्हणजे मिथिम्ना, इथली जुनी. आज मक्यावर लोक जिला लष्करी अळी म्हणतात ती बहुतेक वेळा स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, मूळची अमेरिका खंडातली. आफ्रिकेत २०१६ साली पहिल्यांदा नोंदली गेली, भारतात २०१८ला. डोक्यावर उलटा वाय आणि शेपटाकडच्या एका खंडावर चौकोनात चार काळे ठिपके. वडील लिहीत होते तेव्हा ती इथे नव्हतीच. तुमचा चॅटबॉट आनंदाने १९९१चा सल्ला नव्या अळीला लावेल, आणि वर "अनुभवी तज्ज्ञाच्या नोंदीनुसार" असंही म्हणेल.

अर्धवटराव

म्हणजे नाव तेच, माणूस वेगळा. आमच्या कचेरीत तीन कुलकर्णी आहेत, पगार नेहमी चौथ्यालाच जातो.

मोगरा_७

कोषकार, प्रतिसाद जपून ठेवला.

मी प्रतिमा ओळखणाऱ्या प्रणालींवर काम करते. कुणीतरी म्हणणारच की फोटो काढा, एआय ओळखेल, नावाची भानगडच नको. म्हणून आधीच सांगते. २०१६ साली प्लांटव्हिलेज नावाच्या, पिकांच्या पानांच्या छायाचित्रसंचावरचा एक अभ्यास गाजला. ५४,३०६ फोटो, १४ पिकं, २६ रोग. बाजूला काढून ठेवलेल्या फोटोंवर मॉडेलची अचूकता ९९.३५ टक्के. सगळीकडे हाच आकडा फिरला. त्याच लेखात पुढे लिहिलंय की इतर ठिकाणांहून जमवलेले, वेगळ्या परिस्थितीतले फोटो दिले तेव्हा अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास आली. तो आकडा फिरला नाही.

कारण साधं आहे. संचातली पानं खुडून, साध्या एकरंगी पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली. शेतात मागे दहा पानं असतात, ऊन-सावली असते, एका पानावर दोन रोग आणि वर मातीही असते. तेव्हापासून मॉडेलं खूप सुधारलीत, पण कुणी टक्केवारी सांगितली की मी आधी विचारते, फोटो कुठले?

आडवा_पाऊस

आणि फोटोत अंगठा असतो. एका हातात पान, एका हातात फोन, वारा सुटलेला. मी एकदा काढला तर अ‍ॅपने सांगितलं "पीक निरोगी आहे". फोटोत माझा गुडघा होता.

शून्य_मशागत

गुडघा निरोगी आहे हे कळलं, हेही नसे थोडके.

रानवाट

माझा अनुभव लिहिते, जरा लाजिरवाणा आहे.

कापसावर पांढरी माशी होती. पहिल्यांदा इमिडाक्लोप्रिड मारलं, फरक पडला. पुढच्या वेळी वाटलं औषध बदलावं, तेच तेच मारू नये म्हणतात. म्हणून थायामेथोक्झाम. तिसऱ्यांदा अ‍ॅसिटामिप्रिड. तीन वेगळी नावं, तीन वेगळ्या रंगांच्या बाटल्या. आपण किती शहाण्यासारखं आलटून पालटून वापरतोय असं वाटत होतं. तिसऱ्या फवारणीनंतर माशी जशीच्या तशी. मग एका मैत्रिणीने आयआरएसीचं, म्हणजे किडी कीटकनाशकांना दाद देईनाशा होतात त्यावर काम करणाऱ्या समितीचं, वर्गीकरण दाखवलं. तिन्ही गट ४ए. कीटकाच्या शरीरात तिन्ही एकाच जागी काम करतात. मी औषध बदललंच नव्हतं, बाटली बदलली होती.

हे ज्ञान गुप्त नव्हतं. तक्ता उघडा पडलाय, कुणालाही मिळतो. पण मी वाचत होते ती प्रत्येक माहिती औषधाच्या नावाने लावलेली होती, गटाने नव्हे. एखाद्या अ‍ॅपने "मागच्या दोन फवारण्या ४ए होत्या, आता दुसरा गट घ्या" एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर मला छत्तीस पानं लागली नसती. तिफण, तुमच्या तक्त्यात औषधाच्या नावाशेजारी गटाचा रकाना ठेवाच. बुरशीनाशकांना तसेच एफआरएसीचे गटक्रमांक असतात.

तिफण

रानवाट, हा रकाना मला सुचलाच नसता. धन्यवाद.

बाटलीचा फोटो आला. ताईने मारलं त्यात अ‍ॅझोक्सिस्ट्रोबिन आहे. तोच घटक तिने मागच्या महिन्यात वेगळ्या नावाने दोनदा मारला होता. म्हणजे रानवाट यांची गोष्ट आमच्या घरी चालू आहे.

जुनाखोड

एफआरएसी गट ११. या गटावर लागोपाठ विसंबू नका असंच सांगतात. आता वाट बघण्यात अर्थ नाही, जाणत्या माणसाला आजच प्लॉटवर न्या.

गणिती_बैल

मूळ प्रश्नाकडे येतो. "आत्ता मारू की उद्या" याला उत्तर देणारं ज्ञान वेगळ्या आकाराचं असतं. ते निबंधात नसतं, अटीत असतं. ब्रिटनमध्ये बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्यासाठी १९५६पासून एक नियम होता : सलग दोन दिवस किमान तापमान १० अंश किंवा जास्त, आणि दोन्ही दिवशी किमान ११ तास आर्द्रता ९० टक्के किंवा त्याहून अधिक. असं झालं की धोक्याचा इशारा. पुढे लक्षात आलं की रोग त्याआधीच येतोय. २०१७ला नवे हटन निकष आले. बाकी सगळं तेच, ११ तासांचे ६ तास झाले.

बघा, सगळा बदल एका आकड्याचा. निबंधात तो तिसऱ्या परिच्छेदात गाडला गेला असता. नियम वेगळा काढून ठेवला की आकडा बदलता येतो, तारीख टाकता येते, आणि यंत्राला रोज सकाळी तपासायला लावता येतं. शेतकऱ्याला फक्त इशारा जातो.

गुलाबी बोंडअळीचंही तसंच. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असं धरतात. माझ्या मते तुमच्या वडिलांच्या वह्यांतून असे "जर-तर" वेचून काढा. दोनशे निघाले तरी सोनं.

जुनाखोड

बैलराव, जरा थांबा. मी असले नियम लिहिले आहेत आणि वापरताना फसलेलोही आहे. हवामान केंद्रातली ९० टक्के आर्द्रता आणि दाट वाढलेल्या, संध्याकाळी पाणी दिलेल्या टोमॅटोच्या झुडपातली आर्द्रता या दोन वेगळ्या गोष्टी. केंद्र म्हणतं ८२ आणि आत पानांवरून पाणी ठिबकतंय. आकडा अचूक असला म्हणजे तो तुमच्या शेताचा होत नाही.

दुसरं. तज्ज्ञाला "तुमचा नियम सांगा" म्हटलं की तो सांगतो, पण करताना तो तसं करत नाही. मी सांगीन "डागाचा रंग बघतो". खरं म्हणजे मी प्लॉटमध्ये शिरतानाच बघितलेलं असतं की रोग बांधाच्या कडेने सुरू झालाय की मधोमध, उताराच्या खालच्या अंगाला आहे का. ते मी सांगतच नाही, कारण मी बघतोय हेच मला माहीत नसतं.

गणिती_बैल

काका, हे तुम्ही म्हणालात ते चक्क मोजलं गेलंय! इलिनॉय विद्यापीठात रिशार्ड मिखाल्स्की आणि सहकाऱ्याने १९८० साली सोयाबीनचे १५ रोग घेतले. एक नियमसंच तज्ज्ञाला विचारून लिहिला. दुसरा, यंत्राला निदान झालेल्या केसेस देऊन त्याच्याकडून काढून घेतला. प्रत्येक केसमध्ये ३५ गोष्टी टिपलेल्या, महिना, पाऊस, डागाची कडा वगैरे. नव्या केसेसवर तज्ज्ञाच्या नियमांचं पहिलं निदान ७२ टक्क्यांच्या आसपास बरोबर, केसेसमधून काढलेल्यांचं ९७ टक्क्यांच्या वर.

तेव्हा माझं आधीचं वाक्य मागे घेतो. जर-तर वेचू नका, केसेस जपा. वडिलांनी नियम लिहिलेच नाहीत, केसेस लिहिल्या. आणि वेगळ्या शाईत निकालही.

मोगरा_७

हेच लिहायला आले होते. निकालासकट नोंद दुर्मीळ असते. सल्ला काय दिला याच्या जगात लाखो नोंदी आहेत, पुढे काय झालं याच्या अगदी थोड्या. सल्ला देणारा फोन ठेवतो, तिथे नोंद संपते.

टंकनिका

वहीवरून टंकन करणाऱ्यांसाठी धोक्याची सूचना. मी जुनी कागदपत्रं टंकते. स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या वाचक प्रणालीला देवनागरी १ हा इंग्रजी ९ सारखा दिसतो. मिश्र मजकुरात "१ मिली" चं "९ मिली" झालेलं मी स्वतः पकडलंय, आणि एकदा पकडायचं राहिलंही होतं. कवितेत चालून जाईल, औषधाच्या मात्रेत नाही. दशांशचिन्हाचा ठिपका तर शाईचा डाग समजून सरळ उडवला जातो, "०.५" चं "०५". मात्रा दोन माणसांनी, एकमेकांचं न बघता, हाताने टाका.

आणि त्या चार जीबी पीडीएफपैकी निम्म्या युनिकोडपूर्व फाँटमधल्या असतील. मजकूर उचलून चिकटवलात की कुठल्यातरी परग्रहाची भाषा दिसेल.

शून्य_मशागत

आकड्यांवरून आठवलं. माती परीक्षणाच्या अहवालात स्फुरद मूलद्रव्य म्हणून, नुसता पी, दिला होता. मी ज्या गणनयंत्रात टाकला त्याला पी२ओ५, म्हणजे स्फुरदाच्या ऑक्साइडच्या रूपातला आकडा, हवा होता. दोघांत २.२९ पट फरक. आकडा टाकताना यंत्राने चकार शब्द काढला नाही, जमिनीत स्फुरद कमी असल्याचं सांगून मला खत वाढवायला लावलं. वर ऑल्सेन पद्धतीने मोजलं की ब्रे पद्धतीने, हे अहवालावर नव्हतंच. विम्ल (अल्कधर्मी) जमिनीला ऑल्सेन, आम्ल जमिनीला ब्रे, आणि दोघांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

तात्पर्य काढत नाही, पण आकड्याशेजारी एकक आणि पद्धत नसेल तर तो आकडा माझ्याकडे पाठवू नका.

खोडरबर

मला वेगळीच शंका आहे. या वह्यांत लोकांची नावं असतील, कुणाचं किती नुकसान झालं ते असेल. ते सगळं एआय कंपन्यांना फुकट द्यायचं? उद्या तेच आपल्याला विकत देतील.

आडवा_पाऊस

तुमच्या शंकेत दम आहे, पण आमची माहिती कोण चोरणार? तीस वर्षं पिकाचं नुकसान होतंय, ते कुणी चोरून नेलं तर बरंच.

खोडरबर

हसण्यावारी नेऊ नका. कुठल्या प्लॉटमध्ये कोणता रोग आहे हे आधी कळलं तर माल घेणाऱ्याला आणि औषध विकणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. शेतकऱ्याच्या आधी.

रानवाट

खोडरबर यांच्याशी सहमत. नावं काढा, जागा ढोबळ ठेवा, मूळ वही घरात. आणि आठवण : त्या वह्यांत एंडोसल्फान हे कीटकनाशक असणारच. घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम करारात ते २०११ला बंदीच्या यादीत गेलं, नेमकं वह्या संपतात त्या वर्षी. म्हणजे प्रत्येक सल्ल्याला "आज चालतो का" असा रकाना हवा, आणि नाही असेल तर तो सल्ला बाहेर दिसताच कामा नये. निरीक्षण मात्र ठेवा, निरीक्षण शिळं होत नाही.

कोषकार

पुरवणी : पिकाची अवस्थाही आकड्यात टाका. "फुलोरा" म्हणजे पहिलं फूल की भर फुलोरा? बीबीसीएच मोजपट्टीत ०० ते ९९ आकडे आहेत, ६० ते ६९ फुलोऱ्याचे, ६५ म्हणजे भर फुलोरा. वडिलांचा शब्द जसाच्या तसा एका रकान्यात, आकडा शेजारच्या. मूळ शब्द कधीही पुसू नका, आपण लावलेला अर्थ चुकू शकतो.

अर्धवटराव

रकाने मोजतोय. आतापर्यंत अकरा झाले. तिफणराव, वडील एका ओळीत लिहायचे हो.

तिफण

(सात आठवड्यांनी)

धागा वर काढतोय, सांगण्यासारखं झालंय म्हणून.

चॅटबॉट, संकेतस्थळ सगळं बाजूला ठेवलं. फक्त टोमॅटो घेतला. सहा वह्यांतल्या ४१२ नोंदी एका साध्या तक्त्यात टाकल्या. मात्रा मी आणि बायकोने वेगवेगळ्या टाकल्या. टंकनिकाताई, सतरा ठिकाणी जुळल्या नाहीत. "करपा" १३० वेळा आला. वर्णनावरून त्यातले ८८ कुठला करपा ते ठरवता आलं, बाकीच्यांपुढे "सांगता येत नाही" असंच लिहिलं.

आणि ना. फ.! वाचताना कळलं नाही ते रकान्यांत टाकल्यावर कळलं. सहज गाळणी लावून समासात ना. फ. असलेल्या ओळी वेगळ्या काढल्या. सत्तावन्न निघाल्या. सत्तावन्नच्या सत्तावन्न ओळींत औषधाचा रकाना कोरा. आणि एकोणपन्नास ओळींत चार-पाच दिवसांनी पुन्हा पाहिल्याची वेगळ्या शाईतली नोंद.

नाही फवारलं.

एकोणपन्नासपैकी अडतीस ठिकाणी पुढे "ठीक" आहे. अकरा ठिकाणी नंतर फवारावं लागलं. आठांचं काय झालं ते लिहिलेलं नाही.

अर्धवटराव

नाना फडणवीसांची दिलगिरी.

मोगरा_७

अंगावर काटा आला. न केलेल्या गोष्टीची नोंद कोण ठेवतं!

गणिती_बैल

उत्तमच. पण उत्साहाच्या भरात "अडतीस भागिले एकोणपन्नास, म्हणजे फवारू नका" असं कुणी काढू नका. जिथे सौम्य वाटलं तिथेच त्यांनी थांबवलं असणार. त्यांनी काय बघून थांबवलं, ते त्या सत्तावन्न ओळींच्या वर्णनात शोधा.

जुनाखोड

शोधायला मी बसतो, ओळी पाठवा. आणि ती चार-पाच दिवसांनी पुन्हा जाण्याची नोंद आहे ना, नुसतं "थांबा" सांगून घरी बसणं त्यात नाही. पुन्हा येईन असं सांगायला पाय लागतात.

आडवा_पाऊस

अडतीस वेळा कुणाच्यातरी खांद्यावर पंप चढला नाही. आमच्या अकरा ग्रुपांत एकदाही कुणी "मारू नका" लिहिलेलं मला आठवत नाही. तेवढ्या एका तक्त्यासाठी मी बारावा ग्रुप सहन करीन.

ताईंच्या टोमॅटोचं काय झालं?

तिफण

अर्धा प्लॉट गेला. जाणत्यांना दाखवून दुसऱ्या गटाचं मारलं, पण तोवर चार दिवस हातचे गेले होते. वरच्या अंगाचा अर्धा वाचला.

ती ओळ तिनेच तक्त्यात भरली. चारशे तेरावी. गट, तारीख, हवा, सगळं. "पुढे काय झालं" या रकान्यात "खालचा गेला, वरचा आहे".

पेंद्या

पकडलेली जागा सोडतो. उरलेल्या वीस वह्या टंकायला माणूस हवा असेल तर सांगा, माझे रविवार मोकळे आहेत. १ आणि ९ कळतात.